उघड्या कारडावरचे सहा शब्द

कराची, केमाडी बंदर
चैत्र वद्य ४, शके १८०६

आबाजी मास्तर, शाळा, मौजे चौक, यांस

लोधिवलीच्या कोंडाजीचा येसाजी लिहितो. तुमच्याच शाळेत दोन बुकं शिकून पळालेला. वर साष्टांग घातला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे.

हे पाकीट नाही, कारड आहे. मुद्दाम घेतलं. पाकीट फोडावं लागतं, कारड उघडं असतं. चौकाला टपाल उतरलं की नागू टपालवाला पिंपळाखाली बसून आधी स्वतः वाचील, मग वाण्याच्या ओट्यावर वाचील, मग चावडीत. तुमच्या हातात येईस्तोवर निम्म्या गावाला पाठ झालेलं असेल. माझ्या बाबाचं सगळं चावडीत वाचलं गेलं, तसं तुमचंही वाचलं जावं, एवढ्यासाठी हे कारड.

सडकेच्या बंगल्यातल्या बुकाचं ते पान माझ्यापाशी आहे. बाबाला चौकीदारीवरून काढलं त्या दिवशी मीच फाडून घेतलं. सहा साहेबांनी बाबाच्या नावाखाली सहा शब्द लिहिले. सहाही शब्दांचा अर्थ तुम्ही सांगितलात, पहिल्याचा शाळेत, बाकीच्यांचा चावडीत मांडी घालून. इथं धक्क्यावर डिकॉस्टा म्हणून गोव्याकडचा कारकून आहे, त्याच्यापाशी विटेएवढा जाड इंग्रजी कोश आहे. मी त्याच्या घरी पाणी भरतो, तो मला आयतवारी शब्द उघडून देतो.

मी खालून वर जाणार. सहावा शब्द, व्हाइल. तुम्ही सांगितलात, ‘विनयी’. कोश म्हणतो, नीच, हलकट.

पाच राहिले.

येसाजी कोंडाजी


कराची
वैशाख शुद्ध ३

आबाजी मास्तर यांस

आज दोन कारडं एकदम घातली आहेत. अक्षर मुंगीएवढं आहे, आडवं संपलं की उभं लिहिलं आहे. चष्मा लावा. लावायच्या आधी पुसा. चष्मा पुसायची तुमची सवय मला ठाऊक आहे.

बाबा वीस वर्षं त्या बंगल्याचा चौकीदार होता. चौकावरून माथेरान चढणारा साहेब असो की ससे मारायला आलेला, बाबा पाणी तापवी, कोंबडी कापी, आणि निघताना बुक पुढं करी. साहेबानं त्यात नाव लिहायचं, तारीख लिहायची आणि शेवटच्या रकान्यात शेरा. वीस वर्षांत त्या रकान्यात कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. रेघ ओढून जायचे. बाबाला ती रेघ बोचायची. आईला म्हणायचा, "भागू, रेघ म्हंजे काय? बरं बी नाय, वाईट बी नाय. मानूस हाय का खांब?"

मग तीन वर्षांमागं माघात तो पहिला शब्द पडला. त्या दिवसाचं पुढं लिहीन. मी त्या दिवशी तिथं नव्हतोच. दुसऱ्या दिवशी बाबा बुक डोक्यावर घेऊन तुमच्या शाळेत आला. मी मागं होतो.

"मास्तर, सायबानं काय लिवलंय वो?"

तुम्ही चष्मा पुसलात. बराच वेळ पुसलात. मग म्हणालात, "कोंडाजी, ‘उत्तम’ लिहिलंय रे."

बाबा तुमच्या पाया पडला. माझ्यादेखत.

तिथून सुरू झालं. बाबानं त्या पानात मोराचं पीस घातलं. येईल त्या साहेबाला, त्यानं बूट काढायच्या आधी, ते पान उघडून दाखवी आणि हात जोडून उभा राही. साहेब वाची, बाबाकडे बघी, हसे. एकानं तर हसता हसता मडमेला आतून बोलावून घेतलं. मग पेन्सिल काढून खाली आपला एक शब्द लिही, पहिल्याच्या तोडीचा पण निराळा. भेंड्या लावतात तसं. कोणाला त्याहून वाईट सुचतोय बघू. आणि बाबा घरी येऊन सांगे, "भागू, आज बी सायब लय खूश झाला."

पाचवा शब्द, डिटेस्टेबल. तुमच्या तोंडी ‘दिलदार’. कोशात, ज्याचा तिटकारा यावा असा.

चौथा, अबॉमिनेबल. तुम्ही म्हणालात ‘निर्मळ’. त्या शिमग्याला गावानं बाबाला फेटा बांधला आणि होळीत पहिला नारळ त्याच्या हातून टाकला. कोश म्हणतो, ओंगळ, किळसवाणा, ज्याच्याकडे बघून शिसारी येते तो.

निर्मळ, मास्तर! कुठून शोधून आणलात शब्द? बाबा त्या दिवसापासून रोज दोनदा आंघोळ करायला लागला होता. निर्मळ म्हटलंय ना सायबानं, म्हणून.

येसाजी


कराची
वैशाख वद्य १२

आबाजी मास्तर यांस

तुमचं पत्र पोचलं. लिहिता, ‘शाळेच्या भिंतीवर पोरांनी कोळशानं हलकट मास्तर असं लिहिलं आहे. घरातून पाण्याला जायची सोय उरली नाही. काय बोलायचं ते पाकिटात बोल, बाबा.’ ते वाचून मला त्या दिवशी एक भाकर जास्त गेली.

पाकिटात बोलणार नाही.

आणि नागू, तू वाचतोयस ना रं? वाच. शिमग्याला बाबाला पहिला गुलाल लावणारा तू, आणि काम गेल्यावर पोरांना तो पहिला शब्द मागून ओरडायला शिकवणारा पण तूच. तुझ्यासाठी कोशात बघायची गरज नाही. तुझं मराठीत भागतं.

मास्तर, गेल्या कार्तिकातलं सांगतो. तुम्ही तिथं नव्हता, म्हणून सांगावं लागतं. सडकेचा ओव्हरसियर साहेब तपासणीला आला. बाबानं चौकीदारीचा पट्टा घासून लखलखीत केला होता. या साहेबापुढंही त्यानं पीस बाजूला करून पान उघडलं. साहेब हसला नाही. त्यानं आपल्या कारकुनाला मराठीत वाचायला लावलं, मोठ्यानं, पटांगणात जमलेल्या लोकांसमोर. कारकून चौथ्या शब्दावर अडला. साहेब म्हणाला, पुढं.

बाबा आधी हसतच होता. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. म्हणाला, "चुकताय तुमी, रावसायब. आमच्या मास्तरांना इचारा. चौकाचे आबाजी मास्तर. त्येंला समदं इंग्रजी येतं. जा रं नागू, मास्तरांना बोलव. म्हनावं कोंडाजीनं बोलवलंय."

नागू गेला. आम्ही सगळे सडकेकडे बघत उभे. साहेबसुद्धा थांबला, घड्याळ काढून. बाबा म्हणत होता, "येतीलच. आता येतील." नागू परत आला आणि म्हणाला, "मास्तरांना ताप आलाय. अंथरुनात हायेत."

ताप!

कारकुनानं बाबाच्या छातीवरचा पट्टा सोडवून घेतला. बाबा त्याला मदत करत होता. बकल घट्ट होतं ना, म्हणून.

तिसरा शब्द, एक्झिक्रेबल. तुम्ही सांगितलात, ‘आशीर्वादाला पात्र’. कोशात आहे, शाप द्यावा असा. तर घ्या शाप. तुमच्या तोंडून निघालेलं एक अक्षर कोणाला खरं वाटू नये. तुम्ही ‘क’ म्हणालात तरी पोरांनी तो दुसऱ्याला विचारून घ्यावा.

येसाजी


कराची
ज्येष्ठ शुद्ध ११

आबाजी मास्तर यांस

दुसरा शब्द, हेनस. तुमचा अर्थ ‘पुण्यवान’. कोशाचा, महापातकी.

आता एकच राहिला, सगळ्यात वरचा. तो तुम्हाला पाठवणार नाही. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबाला पाठवणार, पानासकट. तुमचे सहा अर्थ एका बाजूला, कोशाचे सहा दुसऱ्या बाजूला. बाबाचा पट्टा गेला, तशी तुमची खुर्ची जावी. पटांगणात जावी, पोरांसमोर. नागूला शिंग फुंकायला सांगा.

तुम्ही उलट विचाराल, पहिला शब्द मुळात पडलाच का. पडला तो असा. साहेबाची मडम तापानं फणफणली होती. बाबा कोंडाण्याला मामाच्या घरी छप्पर शाकारायला गेला होता. साहेबानं मला चिठ्ठी देऊन कर्जतेला डॉक्टराकडे धाडलं. मी गेलो. डॉक्टर गाडीनं गावाला गेलेला. मी परत आलो तो मडम गेली होती. दुःखात माणूस वाटेल ते लिहितो. यात बाबाचा काय दोष? आणि माझा तरी काय?

आई निरोप पाठवते की बाबा आता कोंडाण्यालाच असतो. मामाच्या म्हशी राखतो. सडकेवर उतरत नाही, बुकातलं तर सोडाच, कसलाच कागद घरात ठेवू देत नाही. हे सगळं तुमचं.

येसाजी


कराची
ज्येष्ठ वद्य १४

दिपोटीला अजून घातलेलं नाही. मास्तर, तुमचं उत्तर आलं. पुढचं पाकिटात येईल.

नागू, पाकीट फोडलंस तर हात मोडीन.

येसाजी


कराची
आषाढ शुद्ध १५

आबाजी मास्तर यांस

पाकीट बघून नागूचं तोंड उतरलं असेल.

तुमच्या चार ओळी मी डिकॉस्टाच्या दारात उभ्यानं वाचल्या. ‘येसाजी, पहिला शब्द मला पाठवणार नाहीस म्हणतोस. मी वाट बघतो आहे. मडम गेली त्या दिवशी मी कर्जतेच्या जत्रेत होतो. तुझी आणि पळसदरीच्या गजाची कुस्ती पुढं बसून पाहिली. हे मी पाकिटात लिहितो आहे.’

डिकॉस्टानं विचारलं, "क्या हुआ? घर में कोई मर गया?" मी म्हटलं, "नही. गवाह मिल गया."

तुम्हाला वाटेल, मास्तरानं चीत केला. केलात. पण खाली पडलेला माणूस काय काय बघतो ते ऐका. मी हे एकदाच लिहिणार आहे.

साहेब माझ्याच वयाचा होता. पनवेलहून डोलीत मडमेला घेऊन आला. माथेरानची हवा लागली की ताप उतरेल, असं कोणी सांगितलं असावं. बंगल्यात आणेस्तोवर तिचे डोळे फिरले होते. त्यानं चिठ्ठी लिहिली, माझ्या मुठीत दाबली, कर्जतेकडे बोट केलं, आणि हात जोडले. साहेबानं, मास्तर. मला. साहेबानं हात जोडलेले मी ना त्याआधी बघितले ना नंतर.

मी पळालो. खरंच पळालो. पायात काटा मोडला तरी थांबलो नाही. कर्जतेला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायचा होता. डॉक्टराचं घर जत्रेच्या पलीकडे, आणि जत्रेत हलगी वाजत होती. गजा मांडी थोपटत फिरत होता. त्यानं मला बघितलं आणि ओरडला, "अरं, लोधिवलीचा येसा बी आला! कुनीकडं पळतोस रं? डरून?" लोक हसले. मागल्या वर्षी त्यानं मला पाडलं होतं.

मी म्हटलं, एक पकड. घटकाभर. मग डॉक्टर.

सदऱ्यासकट चिठ्ठी कोणाच्या हातात दिली, आजही आठवत नाही. घटकाभराची कुस्ती दोन तास चालली. तुम्ही पुढं बसला होता, तुम्हाला माहीत आहे मी त्याला कसा पाडला. फेटा मिळाला, नारळ मिळाला, खांद्यावर घेऊन मिरवलं. मग चिठ्ठी आठवली. डॉक्टराच्या दारात गेलो तो त्याची बायको म्हणाली, "आत्ताच गेले वो तीनच्या गाडीनं. अर्ध्या तासामागं आला असता तर भेटले असते."

डॉक्टर भेटला नाही, असं मी बाबाला सांगितलं, आईला सांगितलं, चार महिन्यांमागं डिकॉस्टाला सांगितलं, तुम्हाला कारडावर लिहिलं. यातला एक शब्द खोटा नाही. म्हणूनच ते इतके दिवस टिकलं. शब्द पडला त्या दिवशी मी तिथं नव्हतोच, असं लिहिलं ते मात्र खोटं.

नारळ मी नदीत टाकला आणि परत आलो. दिवस कलला होता. साहेब पायरीवर बसला होता. माझ्या कपाळावरची माती आणि कानातला गुलाल त्यानं बघितला. सकाळी मडमेला आंब्याखाली पुरली, तोवर बाबा कोंडाण्याहून आला होता. खड्डा त्यानंच खणला, आणि खणताना रडला. साहेब बुक घेऊन बसला आणि मला विचारलं, "नाम?"

एवढाच प्रश्न. माझं नाव विचारत होता तो. मला कळलं होतं.

मी म्हटलं, "कोंडाजी."

त्यानं ते लिहिलं आणि पुढं एक शब्द लिहिला. बाबा खड्ड्यावर दगड रचत होता, त्याला वाटलं, एवढ्या दुःखातसुद्धा साहेबानं आपल्या नावाची आठवण ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा रेघ नाही.

हा झाला माझा. आता तुमचा.

तुम्ही चष्मा पुसत होता तेव्हा मी बाबाच्या मागं उभा होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, मास्तरला वाचता येत नाहीये, म्हणून वेळ काढतोय. तुम्हाला पहिल्या क्षणी कळलं होतं. शब्द कळला होता आणि तो कोणाचा तेही; मला डॉक्टराकडे धाडल्याचं गावभर झालं होतं, आणि कुस्ती तुम्ही पाहिली होती. मला वाचवायला तुम्ही ‘उत्तम’ म्हणालात.

त्याबद्दल पाया पडू? नाही पडत. त्या दिवशी तुम्ही आहे तसं वाचलं असतंत तर बाबानं कारण विचारलं असतं. मी सांगितलं असतं, किंवा तुम्ही. त्यानं मला वहाणेनं फोडला असता, आठ दिवस माझ्याशी बोलला नसता, आणि नवव्या दिवशी भाकर माझ्याकडे सरकवली असती. तेवढ्यावर मिटलं असतं. तुम्ही ते अडीच वर्षं पिकवलंत. एका खोट्यावर पाच खोटी रचलीत, आणि प्रत्येक वेळी बाबा तुमच्या पाया पडत होता. दुसऱ्या शब्दाला तरी म्हणायचं होतंत, "कोंडाजी, हे पान आता कोणाला दाखवू नकोस." एवढं तरी. मान गोड लागला तुम्हाला, इंग्रजी जाणणारा मास्तर म्हणून. आणि शेवटी बाबानं बोलावलं तेव्हा तुम्हाला ताप आला. मडमेलाही तापच होता. मी तिच्यासाठी आलो नाही, तुम्ही बाबासाठी आला नाहीत. आपण दोघं एका मापाचे आहोत.

म्हणून दिपोटीला काही पाठवत नाही. तुमची शिक्षा मी ठरवली आहे, आणि माझी तीच.

हे पत्र आणि लोधिवलीहून आईला बरोबर घेऊन कोंडाण्याला चालत जायचं. बाबाला म्हशींमागून बोलवायचं, आईला शेजारी बसवायचं आणि पहिल्या ओळीपासून वाचायचं. माझी कुस्ती, माझं ‘कोंडाजी’, तुमचा चष्मा, तुमचा ताप, सगळं. पाच पानं आहेत. आईला मी निराळं कारड घातलं आहे की मास्तर पाच पानं वाचतील, मोजून घे. नागूनं ते तिला वाचून दाखवलंही असेल. पानं मोजायला शाळा लागत नाही. मधलं एक गाळलंत तर तिला कळेल. बाबाला कळायच्या आधी हे नागूला कळू नये, एवढ्यासाठीच पाकीट. नंतर खुशाल चावडीत वाचा. मी अडवत नाही.

बुकाचं पान सोबत आहे. पहिला शब्द, अट्रोशस. कोश म्हणतो, अघोरी, निर्दय, ज्याला क्षमा नाही. सहांतला हाच एक विचार करून लिहिलेला होता. त्याच्यासमोरचं बाबाचं नाव मी खोडलं आहे आणि वर माझं लिहिलं आहे, तुम्ही शिकवलेल्या अक्षरात. उरलेल्या पाचांसमोर जागा मोकळी ठेवली आहे. दौत तुमच्याकडे आहे. तिथं कोणाचं नाव घालायचं ते बाबासमोर बसून घाला.

मी इथं एका कामावर टिकत नाही. कोळसा भरला, दगड फोडले, आता ओझी वाहतो. बसलो की ते जोडलेले हात दिसतात. बाबा ये म्हणाला तर येईन. नको म्हणाला तर ते कारडावर कळवा, उघड्या. त्याचे जे शब्द असतील ते तसेच लिहा. शिवी असेल तर शिवी लिहा. त्याची ‘उत्तम’ करू नका.

मोराचं पीस मी ठेवून घेतलं आहे.

आई म्हणते, बाबाला हल्ली कमी ऐकू येतं. मोठ्यानं वाचा.

येसाजी